परतीची घंटा

मला शिस्तीची हौस आहे. डब्यांवर चिठ्ठ्या लावणारी, चपला जोडीनं ठेवायला लावणारी, पाहुण्यालासुद्धा "कप इकडे ठेवा, तिकडे नको" म्हणणारी बाई मी. माझा थोरला भाऊ म्हणायचा, "हिच्या घरात झुरळंसुद्धा रांगेत चालतात." त्यामुळे शहराच्या आपत्ती कक्षातल्या नोकरीत मी रमले, याचं घरात कुणालाच नवल वाटलं नाही. नवल वाटलं असतं तर मलाच राग आला असता.

दादा अग्निशमन दलात होता. तांडेल, म्हणजे गाडीवरच्या जवानांचा म्होरक्या. आग लागल्याची खबर आली, म्हणजे त्यांच्या भाषेत वर्दी आली, की सगळ्यांत आधी तो आत शिरायचा आणि सगळ्यांत शेवटी बाहेर यायचा. लग्न त्यानं केलं नाही. कुणी विचारलं तर सांगायचा, "मुलगी बघायला गेलो की नेमकी वर्दी येते. देवाची इच्छा दिसत नाही." कसबा पेठेत, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तो आणि आई राहायचे. माझं सासर बिबवेवाडीत. पण कचेरीतून सुटले की आठवड्यातून दोनदा तरी माझी पावलं आपोआप कसब्याकडे वळायची.

त्यांची गाडी जुनी होती. सायरन होताच, पण बाजूला एक पितळी घंटाही होती. ती का ठेवली होती असं विचाराल तर कुणी काढली नाही म्हणून. दसऱ्याला ती चिंचेनं घासून झेंडूच्या माळेत बसवायची, एवढाच तिचा मान. बाकी वर्षभर ती एकाच कामाला यायची. आग विझवून परत येताना गाडी आमच्या घराखालच्या चौकातून जायची आणि दादा त्या घंटेचे दोन ठोके द्यायचा. टण, टण. बस्स. गाडी थांबायची नाही.

वर आई ते ऐकायची. सायरन वाजत गाडी गेली की तिचं सगळं थांबायचं. निवडायला घेतलेली मेथी तशीच मांडीवर राहायची. दोन ठोके ऐकू आले की म्हणायची, "आला." मग उठून अंघोळीचं पाणी तापवायला ठेवायची. घरात गिझर होता, मीच बसवून दिला होता, पण धुराचा वास गिझरच्या पाण्यानं जात नाही असं तिचं ठाम मत. मोठ्या पातेल्यात पाणी, मोरीच्या दांडीवर दादाचा टॉवेल, आणि मग पिठल्याची तयारी. दादा यायला त्यानंतर कधी तास लागायचा, कधी दोन. पाइप धुवायचे, गाडी पुन्हा भरायची, पुढच्या पाळीच्या ताब्यात द्यायची. तोवर पाणी निवायचं, आई ते परत तापवायची. तिला त्याची घाई नव्हती. तो आला आहे, एवढं तिला कळलेलं असायचं.

अशात आमच्याकडे नवी पद्धत आली. देशभर कुठेही संकट येवो, काम करण्याची रीत एकच असावी असं वरून ठरलं आणि ती मराठीतून शिकवायचं काम माझ्याकडे आलं. ऐकायला ती अगदी साधी. जागेवर प्रमुख एकच. बाकीचे, मग ते पोलीस असोत, अग्निशमनचे असोत, वीजवाले असोत की मंडळाचे कार्यकर्ते, आधी ठरलेल्या ठिकाणी जमतील, नाव सांगतील आणि दिलेलं काम घेतील. आत शिरणारा प्रत्येक माणूस आपला बिल्ला बाहेरच्या फळीवर अडकवून जाईल आणि बाहेर आल्यावर स्वतःच्या हातानं काढून घेईल. लोकांना आणि नातेवाइकांना माहिती देणारा माणूसही एकच. आणि वायरलेसवर साधं सरळ बोलायचं, आपापल्या खाणाखुणा बंद. उद्या कोल्हापूरची माणसं पुण्याच्या मदतीला आली तर त्यांना पुण्याच्या खुणा कशा कळणार?

मला ही पद्धत मनापासून पटली. तिच्याआधी काय चालायचं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. कसब्यातच एका बोळात दुकान पेटलं तेव्हा एक पुढारी म्हणत होता पाणी समोरून मारा, मंडळाचे अध्यक्ष म्हणत होते मागून मारा, पोलीस लोकांना डावीकडे हाकत होते आणि वीजवाले उजवीकडे. एक आजोबा सगळ्यांना शांतपणे सांगत होते की पेटलेलं दुकान हे नव्हेच, ते पलीकडचं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दादा त्या दिवशी घरी आल्यावर म्हणाला होता, "आगीचं काही नाही गं. माणसं विझवायला जास्त पाणी लागतं."

पण मी शिकवायला उभी राहिले तेव्हा पहिल्या रांगेत बसून तोच मिशीत हसत होता. सभागृहात दलाचे जवान होते आणि पेठेतल्या मंडळांचे कार्यकर्ते. मी म्हटलं, प्रमुख एकच. मागून एका मंडळाचे केस पिकलेले अध्यक्ष उठले. "ताई, प्रमुख कोण हे ठरवता ठरवता आमच्या मंडळाची दोन मंडळं झाली. तुम्ही हे आग लागल्यावर ठरवणार?" हशा झाला. मग दादानं हात वर केला. "मॅडम," भर सभेत तो मला मॅडम म्हणायचा, "म्हणजे आग लागली की आधी हजेरी. मग आगीनंही तोवर थांबायचं, का तिला वेगळं पत्रक काढणार?"

"तिला तांडेल तोंडी सांगतील," मी म्हटलं. तोही हसला. मात्र नंतर सगळ्यांत आधी बिल्ल्याची शिस्त त्याच्याच गाडीनं पाळली. चेष्टा करायची आणि काम चोख करायचं, ही त्याची रीत होती.

अडलं ते घंटेवर. खाजगी खुणा बंद म्हटल्यावर घंटाही बंद, असं मी त्याला घरी जेवताना सांगितलं. तो भाकरी मोडत राहिला. बोलली आई.

"का गं? तिनं कुणाचं काय वाकडं केलंय?"

"आई, रस्त्यात घंटा वाजली की लोकांना वाटतं आग जवळच आहे. काही जण धावत येतात. ज्याला ठाऊक नाही तो काहीही समजतो."

"मला ठाऊक आहे ना."

"तुझ्या एकटीसाठी नियम नसतो."

"मग तुझ्या त्या पद्धतीत आई कुठं बसते ते सांग," ती म्हणाली आणि ताटावरून उठली.

दादानं तोडगा काढला, काम संपलं की तो फोन करील. तसा तो करायचाही. पण आईचं समाधान होईना. एकदा माझ्यासमोरच फोन ठेवून म्हणाली, "हा फोनवर म्हणतो, काही नाही गं, साधीच होती. आणि घरी येतो तर हाताला फडकं. फोनवर माणूस खोटं बोलतो. घंटेला खोटं बोलता यायचं नाही." पाणी मात्र ती फोन आल्यावरही तापवायची. घंटा दसऱ्यापुरती उरली.

त्या दिवशी बिबवेवाडीत फोमच्या गाद्यांचं गोदाम पेटलं. दुपार होती. गणपती जवळ आले होते, पेठांमधून मांडवाचे बांबू रस्त्यावर आले होते. माझ्या घरापासून ते गोदाम चालत जाण्याइतकं जवळ. मी पोहोचले तेव्हा धूर इतका काळा होता की ऊन गेल्यासारखं वाटत होतं. त्या दिवशी माहिती देण्याचं काम माझ्याकडे होतं. पाठीवर 'माहिती' असं लिहिलेलं जाकीट घालून मी दोरीपाशी उभी राहिले.

खरं सांगते, काम देखणं चाललं होतं. प्रमुख एकच होते. वीज वेळेत तुटली. टँकर एका बाजूनं येत होते आणि दुसऱ्या बाजूनं जात होते. मंडळाच्या पोरांना गर्दी मागे ठेवण्याचं काम दिलं होतं आणि ती ते करत होती. कसब्याचीही गाडी मदतीला आली होती. दादा मला लांबून दिसला. फळीवर बिल्ला अडकवताना त्यानं माझ्याकडे बघून तो बोटानं टकटक वाजवून दाखवला, बघा मॅडम, लावला. मग तो आत गेला.

दोरीपलीकडे आत अडकलेल्या कामगारांच्या घरच्या बायका होत्या. त्या मला नावं विचारत होत्या आणि मी शिकवलेलं वाक्य मीच म्हणत होते, "खात्री झाल्याशिवाय मी कुणाचं नाव घेणार नाही. कळलं की सगळ्यांत आधी तुम्हालाच सांगेन." एकीनं माझी बाही धरली. "तुझं कुणी आत नाही, म्हणून असं बोलवतंय," ती म्हणाली. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तिचा नवरा थोड्या वेळानं खोकत बाहेर आला. त्याला दादाच्याच माणसांनी आणलं. कामगार सगळे निघाले.

मग आतला पोटमाळा खाली आला. तो आवाज मोठा नव्हता, कुणी ट्रंक टाकावी तेवढाच होता. प्रमुखांनी सगळ्यांना बाहेर बोलावलं. जवान एकेक करून आले आणि आपापला बिल्ला काढून घेऊ लागले. मी फळीकडे बघत नव्हते. बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, कारण माझं काम बायकांकडे बघायचं होतं. त्यामुळे फळीवर एकच बिल्ला उरला आहे आणि तो पाहून दोन जवान परत आत धावले आहेत, हे मला कळलं नाही. ते त्याला घेऊन आले, रुग्णवाहिकेत घातलं, तेही माझ्या पाठीमागं झालं.

मग प्रमुख माझ्याकडे चालत आले. पद्धतीप्रमाणे त्यांनी जागा सोडायची नसते, निरोप माणसाकरवी द्यायचा असतो. ते स्वतः येताहेत आणि येता येता त्यांनी हेल्मेट काढलं आहे, हे मी पाहिलं. त्यांनी तोंड उघडण्याआधी मला कळलं होतं. तरी मी वेड्यासारखी त्यांच्या बुटांकडे बघत राहिले, जणू वर पाहिलं नाही तर ते परत जातील.

"ताई, आपले भाऊ," ते म्हणाले. "जागीच गेले. आधी घरच्यांना सांगायचं, म्हणून आपल्याला सांगतोय."

"आईला मी सांगेन," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणी सांगायचं नाही. मी पोहोचेपर्यंत नाव बाहेर जाता कामा नये."

"नाही जाणार," ते म्हणाले. त्यांनी वायरलेसवर सगळ्या गाड्यांना कळवलं की घरच्यांना सांगितलं आहे, तरीही नाव कुणी घेऊ नये. त्यात खोटं काही नव्हतं. मी घरचीच होते.

लोक मला पुढे विचारायचे, पद्धत चुकली का? नाही चुकली. बिल्ले नसते तर त्याला शोधायला कुणी लगेच आत गेलं नसतं, आणि एका हुकमावर सगळे बाहेर आले नसते तर आणखी कोण गेलं असतं कुणास ठाऊक. मी आजही तीच पद्धत शिकवते. पण त्या वेळी त्या जाकिटाच्या गाठी माझ्या बोटांना सुटेनात. माझ्या जागी आलेल्या मुलीनं त्या सोडल्या आणि जाकीट स्वतः घातलं. दोरीपाशी लगेच तिला कुणीतरी काहीतरी विचारलं.

रुग्णालयात घरच्या माणसानं ओळख पटवायची होती. ती मी पटवली. त्याबद्दल मला लिहायचं नाही. तिथूनच मी आईच्या शेजारच्या काकूंना फोन केला. "टीव्ही लावू देऊ नका. तिच्यापाशी बसा. काही सांगू नका, मी येतेय." काकू काय समजायचं ते समजल्या. आपल्याकडे असं काही झालं की पहिला फोन शेजारी जातो आणि शेजारीण साखर मागायच्या निमित्तानं येऊन बसते. त्या कोथिंबीर मागायला गेल्या आणि बसून राहिल्या.

वाटेत वाहनांची ही गर्दी. त्यात रुग्णालयाच्या बाजूनं पेठेत येणारे दोन रस्ते मांडवासाठी बंद. मी कचेरीची जीप मागेच सोडली आणि बांबू ओलांडत चालत निघाले. दिवेलागणीची वेळ होती. मी मनात वाक्य जुळवत होते. आमच्या प्रशिक्षणात हेही असतं. बसवून सांगावं. आडपडदा ठेवू नये. 'बरं नाही', 'जरा लागलंय' असलं काही म्हणू नये, खोटी आशा माणसाला नंतर जास्त छळते. हे मी शेकडो लोकांना शिकवलं होतं. त्यातलं एकही वाक्य माझ्या तोंडात बसेना.

घरामागच्या बोळाच्या तोंडाशी आले आणि पुढच्या चौकातून आवाज आला. टण, टण.

मी जागच्या जागी थांबले. क्षणभर, देवाशपथ सांगते, मलाही वाटलं की आला. ज्याला मी तासाभरापूर्वी पांढऱ्या चादरीखाली पाहून आले होते, तो आला असं मला वाटलं आणि केवढं हलकं वाटलं. मग आईनंही ते ऐकलं असणार हे ध्यानात आलं आणि मी पळत सुटले.

जिन्यात काकू भेटल्या. हातात कोथिंबिरीची वाटी, चेहरा फुललेला. "अगं, केवढं घाबरवलंस मला! आला की तो. घंटा वाजली आत्ता. आई उठल्या पाणी ठेवायला." माझा चेहरा पाहून त्यांनी वाटी पायरीवर ठेवली आणि मला वाट दिली.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात आई गॅसपाशी उभी होती. पातेल्याखाली मोठी ज्योत. दांडीवर टॉवेल टाकलेला. परातीत कांदा चिरायला घेतलेला. माझी चाहूल लागली तशी ती न वळताच म्हणाली, "बघ, शेवटी वाजवलीच त्यानं. तुझ्या नाकावर टिच्चून." तिचा आवाज इतका खुशीत मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

मी तिला बसवलं नाही. हात धरला नाही. मी दारातूनच म्हटलं, "आई, दादा मेला. दुपारी, आगीत."

ती वळली. माझ्याकडे पाहत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. कपाळावर एक बारीक आठी आली, हिशेब चुकल्यावर येते तशी.

"मग घंटा कुणी वाजवली?"

मी खिडकीतून खाली पाहिलं. गाडी या वेळी पुढे गेली नव्हती. चौकात उभी होती आणि तिच्यापाशी जवान ओळीनं उभे होते, टोप्या हातात. काळे झालेले, वर आमच्या खिडकीकडे बघत. मागाहून गाडीचा चालक मला म्हणाला, "ताई, आम्हाला वाटलं आईंना तुम्ही सांगितलंय. वायरलेसवर तसं कळलं होतं. तांडेलना घरी सोडल्याशिवाय केंद्रावर कसं जायचं?" म्हणून त्यांनी त्याच्या वतीनं दोन ठोके दिले होते. खाणाखुणा बंद हा जो नियम मी शिकवला तो का असतो, हे मला त्या दोन ठोक्यांनी शिकवलं. पण त्या पोरांवर रागवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

"त्याच्या गाडीवरची मुलं आहेत," मी आईला म्हटलं. "खाली उभी आहेत."

आई खिडकीशी आली. बराच वेळ तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ती एकेक तोंड बघत होती, हे मला कळत होतं, आणि शेवटचं तोंड बघून झाल्यावरही ती पुन्हा पहिल्यापासून बघू लागली. मग ती गॅसपाशी गेली. मला वाटलं, बंद करायला. तिनं पातेल्यात बोट घालून पाहिलं.

"वर बोलव त्यांना," ती म्हणाली. "पाणी तापलंय."

ते आले. बूट जिन्यात काढून, एकामागून एक, मान खाली घालून. आमच्या मोरीत एकेकानं हातपाय, तोंड धुतलं. आई तांब्यानं पाणी घालत होती. कुणी नको म्हटलं नाही. चालक तोंडावर ओंजळ धरून तसाच बसला, तेव्हा ती त्याला म्हणाली, "कानामागं राहिलंय." टॉवेल एकच होता. तो हातोहात फिरला आणि शेवटच्यापाशी पोहोचेपर्यंत काळा झाला. सगळे झाल्यावर आई मोरीच्या उंबऱ्यावर बसली आणि तेव्हा कुठे रडली.

आता आमच्याकडे एक सुधारणा झाली आहे. प्रत्येक जवानाला आधीच विचारून ठेवतात, काही झालं तर घरी कुणाला सांगायचं, आणि त्या माणसाच्या समोर बसून सांगितल्याशिवाय 'कळवलं' असं कुणी म्हणत नाही. ती मी भांडून करून घेतली. आई कुठे बसते, याचं उत्तर मला ते एवढंच देता आलं. दादाला ते काही कामाचं नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर मी कसब्यातलं घर आवरायला घेतलं. माझी ती सवयच. दादाचे कपडे काढले, बूट काढले, आई बसून बघत होती. मोरीच्या दांडीवर टॉवेल होता, स्वच्छ धुतलेला, घडी घातलेला. मी तो उचलला तशी ती म्हणाली, "तो राहू दे तिथं. पोरांना लागेल."